ऑर्लीनासाठी दोन खड्डे

ऑर्लीना बुधवारी सकाळी गेली. चुलीत लाकडं सारली, कॉफीचं भांडं वर ठेवलं, खुर्चीत बसली आणि उठलीच नाही. मी कोंबड्यांना दाणे टाकून आत आलो तेव्हा कॉफी उतू जात होती. ती कधी कॉफी उतू जाऊ द्यायची नाही, म्हणून मला दारातच कळलं.

पुढचे दोन दिवस मी काही केलं नाही. आमच्याकडे करावं लागत नाही. माणूस गेलं की घरच्यांना कुणी काही विचारत नाही. बायका येतात, अंघोळ घालतात, कपडे चढवतात. कुणी कोंबडी शिजवून आणतं, कुणी रताळी. पुरुष फावडी घेऊन दफनभूमीकडे जातात. ज्याच्या घरात दुःख आहे त्याला "कुठं खणू?" असं विचारणं आमच्यात वाईट समजतात. ज्यांना खणायचं आहे त्यांना ते ठाऊक असतंच. मीही आजवर बऱ्याच जणांसाठी खणलं आहे आणि कधी कुणाला विचारलेलं नाही.

दुसरी एक रीत आहे. खड्डा आदल्या दिवशी खणतात आणि मग तो एकटा सोडत नाहीत. कुणीतरी एक जण काठावर बसून राहतो. आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तो भरायचाच. रिकामा खड्डा राहिला तर तो त्याच घरातलं आणखी एक माणूस मागतो, असं जुनी माणसं सांगत. खरं का खोटं मला माहीत नाही. रिकामा ठेवून बघायची हिंमत कुणी केलेली नाही.

आमची वस्ती डेलावेअर राज्याच्या वरच्या अंगाला, चेसवोल्डची. आम्हाला मूर म्हणतात. ऑर्लीना डेलावेअरच्या खालच्या अंगाची, इंडियन रिव्हर नदीच्या काठची, नॅन्टिकोक जमातीची. ट्रकनं दोन तासांचा रस्ता. तिकडच्यांना आम्ही नदीवाले म्हणतो, ते आम्हाला वरचे म्हणतात. गोऱ्यांची शाळा आम्हा दोघांनाही घेत नव्हती आणि काळ्यांच्या शाळेत आमचे लोक मुलं घालत नव्हते. म्हणून आमची शाळा वेगळी, त्यांची वेगळी, चर्च वेगळं, दफनभूमी वेगळी. मुलगा लग्नाचा झाला की मुलगी बघायला एकतर नदीकाठी जायचं, नाहीतर पाणी ओलांडून न्यू जर्सीला. मला बोट लागते. म्हणून मी नदीकाठी गेलो. असं मी ऑर्लीनाला सांगायचो आणि ती म्हणायची, "बरं झालं, नाहीतर जर्सीच्या एखादीचं नशीब फुटलं असतं."

शुक्रवारी दफन ठरलं होतं. माझी थोरली बहीण लव्हिनिया शेजारच्याच घरात राहते. तिला आम्ही विनीताई म्हणतो. तिनं बुधवारीच दुकानात जाऊन नदीकाठी फोन केला होता. "ऑर्लीना गेली, शुक्रवारी आहे," एवढंच सांगितलं. फोनला पैसे पडतात, आणि जास्त सांगण्यासारखं काय होतं?

शुक्रवारी सकाळी ऑर्लीनाचा भाऊ थर्मन आला. अंगणात ट्रक उभा राहिला. मागं ताजा पेंढा पसरला होता आणि त्यावर एक जुनी रजई घातली होती. मी ती रजई ओळखली, माझ्या सासूच्या पलंगावरची. मला वाटलं, पेटीवर घालायला पाठवली असेल. पेंढा कशाला, हे मला सुचलं नाही. त्या दिवसांत मला काहीच सुचत नव्हतं.

थर्मन आत आला, मला धरून उभा राहिला. मग बहिणीजवळ बसला. तिचे केस आमच्या बायकांनी नीट विंचरले होते. त्यानं हात लावून बघितलं. मग स्वयंपाकघरात येऊन उभ्या उभ्या कोंबडीचा रस्सा खाल्ला, त्यातल्या पिठाच्या चकत्यांसकट, आणि वाटी खाली ठेवत म्हणाला, "दाजी, निघायचं ना मग? ऊन कलायच्या आत पोचायला हवं. खड्डा तयार आहे. आमचा लेव्ही कालपासून काठावर बसलाय."

विनीताई चुलीपाशी होती. ती वळली. "कुठला खड्डा?"

"ऑर्लीनाचा."

"ऑर्लीनाचा खड्डा चर्चमागं आहे. काल दुपारीच झाला. माझा ओर्विल बसलाय त्याच्यावर."

थर्मननं माझ्याकडे बघितलं. मी विनीताईकडे बघितलं. ज्या बायका ताटं पुसत होत्या त्यांनी पुसणं थांबवलं.

"म्हणजे दोन झाले," पाद्रीबाबा दारातून म्हणाले. ते नुकतेच आले होते, टोपी अजून हातातच होती.

कुणीतरी हसलं. मला वाटतं मीच हसलो. घरात माझी बायको पेटीत होती आणि मला हसू आलं, कारण पहिला विचार हाच आला की हे तिला सांगायला हवं. पिढ्यानपिढ्या नदीवाले आणि वरचे एकमेकांना नावं ठेवतात, रीतभात कशी आमची वेगळी ते सांगतात, आणि दोघांनीही अगदी एकच चूक केली होती. दोघांनी न विचारता खणलं होतं. न विचारता माणूस बसवला होता.

"तुम्ही फोनवर विचारायचं तरी," थर्मन म्हणाला.

"आम्ही विचारायचं? तिचं घर इथं, नवरा इथं. खणायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

"ताई, आमच्यात विचारत नाहीत."

"आमच्यात विचारतात की काय!"

"तुमच्यात काय करतात ते तुमचं तुम्हाला ठाऊक. तुम्ही जहाजातून पडलेली माणसं."

हे जुनंच आहे. आमच्याकडे सांगतात की आफ्रिकेकडच्या मूर खलाशांचं एक जहाज किनाऱ्याजवळ फुटलं आणि आम्ही त्यांची मुलंबाळं. नदीकाठीही तीच गोष्ट सांगतात, फक्त जहाज त्यांच्या वाळूवर फुटतं.

"पडलेली का असेनात," विनीताई म्हणाली, "तुमच्या बाया पोहत पोहत आमच्याकडेच आल्या ना?"

"पोहत नाही, तुम्हाला पाण्यातून ओढून काढायला आल्या. आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. तेव्हापासून तुम्हाला खायला घालतोय."

"खायला? त्या फळ्या?"

फळ्या म्हणजे ऑर्लीनाच्या चकत्या. आमच्याकडे पीठ कागदासारखं पातळ लाटतात, नदीवाल्यांकडे जाड. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात विनीताईनं रश्श्यातली एक चकती चमच्यावर उचलून विचारलं होतं, "अगं, हे खायचं आहे की छपरावर ठोकायचं?" आणि ऑर्लीना, आलेली नवी सून, शांतपणे म्हणाली होती, "वन्सं, तुमच्या चकत्या खाऊन पोट विचारतं, जेवण कधी?" तेव्हापासून त्या दोघींचं ते चालूच होतं. एकमेकींकडे जेवल्याशिवाय त्यांचा रविवार जात नसे आणि एकमेकींना नावं ठेवल्याशिवाय जेवण संपत नसे.

फळ्यांचं नाव निघालं आणि विनीताई परत चुलीकडे वळली.

मग थर्मन खालच्या आवाजात म्हणाला, "आई खुर्चीतून उठत नाही आता. काल तिनं खुर्ची खिडकीपाशी सरकवून घेतली. तिथून दफनभूमी दिसते. लेव्ही खणत होता ते सगळं बघत बसली होती. मी निघताना म्हणाली, पोरीला घेऊन ये, उशीर करू नको, मला दुपारी डोळा लागतो."

"आणि एल्वुडचं काय?" विनीताईनं विचारलं. "आई तुझ्याकडे आहे, पण तिचं लेकरू इथं आहे."

 

एल्वुड आमचा मुलगा. चालायला लागायच्या आधीच गेला. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही.

पाद्रीबाबांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "एनॉक," ते म्हणाले, "मी कुठंही वाचेन. नदीकाठी म्हणालास तर तिथं येऊन वाचेन. पण तू सांगायला हवं."

सगळे माझ्याकडे बघत होते. न विचारण्याची रीत तिथं संपली होती. मी कोट घातला आणि म्हणालो, "मी बघून येतो."

चर्च आमच्या घरापासून लांब नाही. मधे एक मक्याचं रान आहे, तेव्हा कापून झालेलं होतं. नोव्हेंबरचं ऊन होतं, कोवळं. माझा भाचा ओर्विल पालथ्या बादलीवर बसला होता, अंगावर घोंगडी, मांडीवर थर्मास. तो स्वतः आता नातवंडांचा आजा आहे, पण मला बघून शाळेतल्या मुलासारखा उठून उभा राहिला.

"मामा, काही झालं का?"

"नदीवाल्यांनीही खणलाय."

त्याला ते समजायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "त्यांचा लवकर झाला असणार. तिकडं वाळू आहे. इथं खालची माती बघा, चिकट. दोन फावडी मोडली."

मी खड्ड्यात बघितलं. कडा सरळ होत्या, तळ साफ. मी स्वतः खणला असता तर एवढा चांगला झाला नसता. मग मला दिसलं की तो कुठं आहे. एका बाजूला आमच्या आईचा दगड, दुसऱ्या बाजूला दोन हातांवर एल्वुड. ती जागा विनीताईची होती. आई गेली तेव्हा तिनं ती मागून घेतली होती, सगळ्यांच्या देखत. मला आईजवळच ठेवा, बाकी कुठं ठेवलंत तर उठून येईन, असं म्हणाली होती.

"ओर्विल, ही तुझ्या आईची जागा."

"हो."

"मग?"

"तिनंच दाखवली. म्हणाली, ऑर्लीनाला एल्वुडपाशी ठेवायचं. मी म्हटलं, आणि तुला? तर म्हणाली, मी काय, कुंपणापाशी पडेन. आणि मामांना सांगू नको म्हणाली." तो थोडा घुटमळला. "ते मी आता सांगितलंच."

मी काठावर बसलो. पाय आत सोडून नाही, तसं बसत नाहीत. बाजूला बसलो. एल्वुडच्या थडग्यावर शिंपले आहेत, पांढरे, मोठे, एकावर एक. आमच्या दफनभूमीत दुसऱ्या कुठल्याही थडग्यावर शिंपले नाहीत. ती नदीवाल्यांची रीत. दर सप्टेंबरला ऑर्लीना तिच्या चर्चच्या मेळाव्याला माहेरी जायची आणि येताना मांडीवर टोपली धरून शिंपले आणायची. ट्रकमध्ये त्यांचा वास राहायचा आठवडाभर. आल्यावर एप्रन कमरेत खोचून इथं बसायची, फुटके काढायची, नवे लावायची. पहिल्या वर्षी आमच्यातल्या बायका कुजबुजल्या, हे काय नदीचं खूळ. विनीताईनं त्यांना एका वाक्यात गप्प केलं. ते वाक्य इथं लिहिण्यासारखं नाही.

थर्मन माझ्यामागोमाग आला होता. त्यानं ओर्विलला मान हलवली, ओर्विलनं थर्मासमधली कॉफी त्याला दिली. थर्मन खड्ड्याकडे बघत होता आणि मग त्याला शिंपले दिसले.

"हे आपल्याकडचे."

"दर वर्षी आणायची."

"आम्हाला वाटायचं कोंबड्यांसाठी नेते. कुटून घालायला." तो वाकला, एक शिंपला उचलला, बोटानं पुसला आणि होता तसाच परत ठेवला.  मग म्हणाला, "दाजी, तिला इथंच ठेवा. मी आईला सांगेन."

"काय सांगशील?"

"सांगेन की..." तो थांबला. "काय सांगू तेच कळत नाही. पण सांगेन काहीतरी. ती रडणार नाही. ती रडतच नाही. खिडकीतून बघत बसेल. लेव्हीला तो खड्डा भरावा लागेल, तेही ती बघेल."

मला ऑर्लीना इथं हवी होती. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण दोन दिवस मला त्याचाच आधार होता. मक्याचं रान ओलांडलं की ती. रोज संध्याकाळी येता येईल. कोंबड्या कोंडल्या की यायचं, बसायचं, परत जायचं. तिनं स्वतः कधी सांगितलं नाही तिला कुठं राहायचं आहे. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाली, "वाळूत खणायला सोपं, मातीत माणूस जास्त टिकतं. तुला घाई असेल तर वाळूत टाक." तिच्याशी असलं बोलणं व्हायचंच नाही.

मी शिंपल्यांकडे बघत होतो. ऑर्लीना इथं दर रविवारी यायची. बर्फ पडलं तरी. ताप असला तरी. एवढी वर्षं. आणि नदीकाठी वर्षातून एकदा जायची, सप्टेंबरात, दोन दिवस, आणि त्यातला अर्धा वेळ शिंपले गोळा करण्यात जायचा.

"थर्मन," मी म्हणालो, "एल्वुडला ती दर रविवारी मिळाली. तुझ्या आईला वर्षातून एकदा."

त्यानं कॉफी खाली ठेवली.

"एल्वुडपाशी मी आहे," मी म्हणालो. "तुझी आई इकडे येऊ शकत नाही. मला गाडी चालवता येते."

"दाजी, नीट विचार करा. नंतर तुम्हाला..."

"रजई आणलीस ना तू? मग चल. तिला दुपारी डोळा लागतो."

ओर्विल परत बादलीवर बसला होता, तो उठला नाही. तो म्हणाला, "मामा, मग हा?"

खड्ड्याचा प्रश्न खरा होता. तो उघडा होता आणि ऊन चढत होतं.

घरी येऊन मी विनीताईला बाजूला घेतलं आणि सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं.  हातातल्या फडक्याची तिनं घडी घातली, उलगडली, परत घातली.

"ओर्विलनं सांगितलं वाटतं तुला."

"सांगितलं."

"त्याच्या पोटात काही राहत नाही. लहानपणापासून."

"तुला जागा द्यायला कुणी सांगितलं होतं?"

"मला कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली. मग तिचा आवाज जरा बदलला. "ती इथं आली असती तर कुंपणापासून का होईना, बोलायला कुणी असतं एवढंच. आई तर जिवंतपणीही बोलत नव्हती."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो ठेवू दिला, थोडा वेळ. मग म्हणाली, "बरं. तुझी सासू जिवंत आहे. जिवंत माणसाचा हक्क पहिला. आता तो खड्डा भरायचा आहे. रिकामा ठेवून जायचं नाही. तू आधीच अर्धा झालायस, तुलाच मागेल तो."

तिनं घरात फिरून गोळा केलं. मला विचारलं नाही, आणि ते बरं झालं. ऑर्लीनाचं लांब दांड्याचं खुरपं आणलं. त्याचं पातं झिजून चंद्रकोरीएवढं राहिलं होतं, तरी ती मला नवं घेऊ द्यायची नाही. उन्हातली गवती टोपी आणली. नाताळची तोरणं बांधताना हॉलीच्या पानांचे काटे लागू नयेत म्हणून ती चामडी हातमोजे घालायची, ते आणले, त्यांची बोटं फाटलेली. ओकच्या पट्ट्यांची एक टोपली तिनं विणायला घेतली होती, बूड आणि अर्धी बाजू झाली होती, पट्ट्या वर उभ्या होत्या. ती मी हातात घेतली. तिला अजून ओल होती, पट्ट्या मऊ राहाव्यात म्हणून तिनं मंगळवारी भिजवून ठेवली होती.

"ही राहू दे का?" मी विचारलं.

"राहू दे," विनीताई म्हणाली. "ही तिच्या आईला दे. तिला विणता येत असेल अजून."

लाटणं तिनं हातात घेतलं, वजन बघितलं आणि आपल्या एप्रनच्या खिशात घातलं. "हे मी ठेवते," एवढंच म्हणाली.

आम्ही सगळे चर्चमागं गेलो. पाद्रीबाबांनी वाचलं. खुरप्यासाठी आणि टोपीसाठी कधी कुणी वाचलं नसेल, पण त्यांनी सगळं वाचलं, काही गाळलं नाही. ओर्विलनं आणि थर्मननं मिळून माती ओढली. आमची माती जड, तिचा आवाज येतो. अर्धं झाल्यावर विनीताई ओर्विलला म्हणाली, "वर जागा ठेव. ही जागा अजून माझीच आहे. मला ह्याच्यावरच घाला."

"खुरप्यावर?" ओर्विल म्हणाला.

"मग काय झालं. ती जन्मभर मला टोचतच होती."

थर्मन फावडं टेकवून हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. ओर्विल एकटाच माती ओढत राहिला.

मग आम्ही ऑर्लीनाला पेंढ्यावर ठेवलं, वर रजई घातली आणि निघालो. मी ट्रकमध्ये पुढं, मांडीवर अर्धी टोपली. मागं आमच्या वस्तीतल्या गाड्या. इतके वरचे लोक एका वेळी नदीकाठी कधी गेले असतील असं वाटत नाही.

सासूच्या घराशी थर्मननं ट्रक थांबवला आणि पेटी आत नेली, खुर्चीपुढं ठेवली. म्हातारी जागी होती. तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आंधळं माणूस फिरवतं तसा, जरी तिला चांगलं दिसतं.

"रोडावली," ती म्हणाली. मग मान वर केली. "तुमच्यात विनी कोण?"

विनीताई मागं उभी होती. पुढं झाली.

"तू का फळ्या म्हणणारी?"

"मीच."

"मला सगळं सांगायची ती. दर सप्टेंबरला. विनी असं म्हणाली, विनी तसं म्हणाली. मी म्हणायचे, अगं, दोन दिवस आलीस तर त्या बाईला तिकडंच ठेवून ये." म्हातारी थोडी थांबली, तिला दम लागला होता. थर्मन वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलला. मी ऐकलं नाही, पण काय सांगितलं ते मला कळलं, कारण म्हातारी विनीताईकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली.

"स्वतःची जागा देत होतीस?"

विनीताईनं ओर्विलकडे रागानं बघितलं. ह्या वेळी त्याचा दोष नव्हता.

"मग इकडं ये," म्हातारी म्हणाली. "माझ्या पलीकडं जागा आहे. थर्मन, हिची खूण करून ठेव."

"नको हो," विनीताई म्हणाली. "एवढ्या लांब रविवारी कोण येणार माझ्याकडे? आणि मला वाळूत झोप लागत नाही."

लेव्ही पालथ्या बादलीवर बसला होता, अंगावर घोंगडी. आम्हाला बघून तो थेट ओर्विलसारखा उठला आणि त्यानं बादली बाजूला सरकवली. त्याच्यामागच्या दगडांवर नावं होती ती मी वाचली. त्यांच्यातली, आणि आमच्यातली. दोन सॅमन्स होते. सॅमन्स माझं आडनाव. कोण होते ते मला माहीत नाही, पण कुणीतरी त्यांना खाली आणलं असणार, असंच ट्रकमधून किंवा बैलगाडीतून.

वाळू पडताना आवाज झाला नाही. मला तो हवा होता असं वाटलं. सूर्य झाडांवर होता तोवर सगळं झालं. खिडकीत म्हातारी बसली होती, मांडीवर अर्धी टोपली. मी हात वर केला. तिनं केला नाही. तिचा डोळा लागला होता.

आता मी महिन्यातून एकदा तिकडं जातो. सासू मला जाड चकत्या करवून खायला घालते आणि मी किती वाईट गाडी चालवतो ते खिडकीतून बघून सांगते. टोपली तिनं पुरी केली. तिच्यात मी येताना शिंपले आणतो. एल्वुडपाशी बसून फुटके काढतो, नवे लावतो. ऑर्लीनासारखे नीट मला लावता येत नाहीत.

विनीताई रविवारी ऑर्लीनाच्या लाटण्यानं पीठ लाटते. चकत्या पातळच होतात. "म्हणजे लाटण्याचा दोष नव्हता," ती मला म्हणाली, "हाताचाच होता."

परवा तिनं मला विचारलं. आमच्यात विचारत नाहीत, पण ती थोरली आहे आणि तिला हक्क आहे. म्हणाली, "एनॉक, तुझं काय? तू इकडं की तिकडं?"

"जे आधी खणतील त्यांच्याकडे."

"थर्मनला वाळू आहे. तो जिंकेल."

"जिंकू दे."

"मग मी ओर्विलला सांगते, फावड्याला धार लावून ठेव."

"सांग. पण घाई करू नको म्हणावं," मी म्हणालो, आणि उठलो, कारण चुलीवर कॉफी होती आणि ती वर यायला लागली होती.